ए विंग कंट्रोलमध्ये!

"यंदा या आवारात एका डासानं जरी पंख हलवले, तर नावाचा पुरुषोत्तम हिर्लेकर नाही!"

मारतहळ्ळीतल्या मंजुनाथ रेसिडेन्सीच्या सभेत पुरुषोत्तमरावांनी ही गर्जना केली, तेव्हा एक डास त्यांच्याच टकलावर बसून भाषण ऐकत होता. बाकी कोणाला फारसं काही कळलं नाही. सभेत कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा चार भाषांत भांडणं चालत आणि मराठीला अजून पाळी मिळालेली नव्हती.

मग त्यांनी कन्नडचा आधार घेतला. वाक्य भाजीवाल्या अक्काकडून आठ दिवस घोकून पाठ केलेलं होतं. कन्नडमध्ये डासाला म्हणतात सोळ्ळे आणि खोटेपणाला म्हणतात सुळ्ळु. फरक तो केवढासा! पुरुषोत्तमराव टेबलावर मूठ आपटून ओरडले, "ई वर्ष नम्म मनेयल्ली सुळ्ळु बेडा!"

यंदा आमच्या घरात खोटेपणा नको! लिफ्ट 'पुढच्या आठवड्यात' दुरुस्त होणार, हे दोन वर्षं ऐकत आलेल्या सभासदांनी असा काही टाळ्यांचा कडकडाट केला, की चेअरमन घाम पुसत पाणी प्यायला बाहेर गेले. त्याच भरात अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरांनी संमतीपत्रावर सह्या ठोकल्या!

संमतीपत्र होतं घरात शिरून करायच्या फवारणीचं. डासांवर काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेला शहरात चाचणी घ्यायची होती. गल्लीतून धूर सोडत जाणारी ती नेहमीची गाडी नव्हे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि पोट भरलं की घरातच पलंगाखाली, कपाटामागे, भिंतीच्या खालच्या अंधारात विसावतो, म्हणून तिथंच औषध मारायचं. त्यानं आजार कमी होतो का, हे संस्थेला पाहायचं होतं. पुरुषोत्तमरावांना मात्र काही पाहायचं वगैरे नव्हतं. त्यांना औषध हवं होतं. आणि आजच्या आज हवं होतं!

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, संध्याबाईंना, डेंग्यू झाला. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या. मुलगा निहार, ज्याच्या नोकरीपायी दोघं पुणं सोडून इथं आले, त्याला कंपनीनं जर्मनीला पाठवलेलं. परक्या शहरात, परक्या भाषेत, पुरुषोत्तमराव नऊ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं अधीक्षक म्हणून गाजलेला माणूस. पण त्या नऊ दिवसांत त्यांनी वॉर्डबॉयलासुद्धा 'साहेब' म्हटलं. संध्याबाई बऱ्या होऊन घरी आल्या आणि हे डासांच्या मागे असे लागले, की बॅडमिंटनची रॅकेट कधी हातात न धरलेला माणूस विजेची रॅकेट घेऊन घरभर नाचू लागला.

संस्थेनं दोन्ही विंगांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि आठवड्यानं तिचं पत्र आलं. पुरुषोत्तमरावांनी चष्मा चढवला, वाचलं आणि खुर्चीतून ताडकन उठले.

"संध्या! अगं, ए विंग कंट्रोल! कंट्रोल आपल्याकडे दिलाय!"

"कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान ना हो?" संध्याबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "आमच्याकडे कंट्रोलचे तांदूळ म्हणायचे."

"तू गप्प बस. कंट्रोल म्हणजे नियंत्रण! फवारणीचं सगळं नियंत्रण ए विंगकडे. आणि ए विंगमध्ये नियंत्रण करण्याजोगा माणूस कोण आहे?"

संध्याबाईंनी आजूबाजूला पाहिलं. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

फवारणीच्या दिवशी सकाळी सातलाच पुरुषोत्तमराव आवारात टेबल मांडून बसले. समोर रजिस्टर, गळ्यात शिट्टी, शेजारी पाण्याची बाटली. घरात आदल्या दिवसापासून पलंग, कपाट, सोफा सगळं खोलीच्या मध्यभागी ओढून वर चादरी टाकलेल्या. घर असं दिसत होतं, की कोणीतरी हत्ती झाकून ठेवलाय.

नऊ वाजता मास्क, हातमोजे, पाठीवर पंप अशा थाटात चौघं आले. त्यांच्याबरोबर हातात टॅबलेट घेतलेली पवित्रा होती. ही निपाणीची मुलगी. घरोघर जाऊन नोंदी ठेवण्याचं काम तिच्याकडे होतं आणि मराठी-कन्नड दोन्हीत सारख्याच वेगानं बोलायची. चौघं बी विंगमध्ये शिरले. पुरुषोत्तमरावांनी शिट्टी वाजवली. पहिला मजला झाला, शिट्टी. दुसरा झाला, शिट्टी. चौघांपैकी एकानं खिडकीतून डोकं काढून कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, ते बहुधा शिट्टीबद्दलच असावं. दुपारी दोनला सहाही मजले आटोपले. पुरुषोत्तमरावांनी रजिस्टरमध्ये 'बी विंग संपूर्ण' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि उठून हात पसरले.

"चला! आता ए विंग!"

पंपवाला म्हणाला, "ए विंग इल्ला सर. कंट्रोल."

"होय, कंट्रोल मीच! मीच सांगतोय, चला!"

पंपवाल्यानं पवित्राकडे पाहिलं. पवित्रानं आकाशाकडे पाहिलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "कंट्रोल म्हणजे... फवारायचं नाही ती बाजू. बी विंगला औषध मारायचं, ए विंगला नाही मारायचं. मग दोन्हीकडं डास किती, ताप किती, ते मोजायचं. तुम्ही सही केलासा की त्याच्यावर."

तीस वर्षं लोकांना 'वाचून सही करा हो' असं सुनावणाऱ्या माणसानं सही करताना फक्त सही कुठं करायची तेवढंच वाचलं होतं!

लग्नाचा बँड आपल्या दारात वाजावा आणि नवरदेव शेजारच्या मांडवात शिरावा, तशी पुरुषोत्तमरावांची गत झाली. पंप गाडीत चढले. गाडी गेली. शिट्टी गळ्यातच राहिली.

दुसऱ्याच दिवशी ते रिक्षानं के. आर. पुरमच्या ऑफिसात थडकले. प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर श्रीवत्स. मिरजेला शिकलेले, त्यामुळे मराठी बोलायचे आणि त्यामुळेच सापडले!

"डॉक्टर, अठ्ठेचाळीस सह्या कोणी आणल्या? मी! सभेत कन्नडमध्ये भाषण कोणी केलं? मी! आणि औषध कोणाला? बी विंगला! त्या विंगमध्ये पाण्याच्या टाकीचं झाकण बसवा म्हणून मी सहा महिने ओरडतोय, त्या विंगला!"

"चिठ्ठीत तसं आलं, सर. आम्ही ठरवत नाही."

"मग पुन्हा टाका चिठ्ठी!"

"हवी ती येईपर्यंत टाकली, तर ती चिठ्ठी कसली?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "हे बघा, उद्या बी विंगमध्ये ताप कमी झाला. तो औषधानं झाला, की यंदा पाऊसच कमी पडला म्हणून झाला, हे कशावरून सांगायचं? न फवारलेली घरं शेजारी हवीतच. तुमची विंग नसेल तर आमच्या फवारणीला काही अर्थ नाही."

"म्हणजे तुमचं गणित जमावं म्हणून माझ्या बायकोनं डासांपुढे हात धरायचा?"

"अजिबात नाही. जाळ्या लावा, पाणी झाका, ताप आला तर लगेच फोन करा, तपासणी आम्ही करतो. हे दोन्ही विंगना सारखंच आहे. आणि औषध उपयोगी ठरलं, तर सगळ्यात आधी ए विंग."

"ठरलं तर? ते उपयोगी आहे की नाही, हे तुम्हालाच माहीत नाही?"

"माहीत असतं, तर चाचणी कशाला केली असती?"

हे वाक्य पुरुषोत्तमरावांना पटलं. म्हणून त्यांचा संताप दुप्पट झाला! घरी येऊन त्यांनी फुलस्केप कागदाचे चार ताव काढले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'विषय: आम्हांस डास चावू दिल्याबाबत.' संध्याबाईंनी ते वाचलं, चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे खिडक्यांना जाळ्या आहेत, पाण्याची भांडी मी रोज कोरडी करते. कशाला एवढं?"

"प्रश्न डासांचा नाही, संध्या. प्रश्न अन्यायाचा आहे!"

अर्ज पोचवायला निघाले आणि आवारातच त्यांना शंतनु भेटला. हा नागपूरचा पोरगा, बी विंगच्या ३०४ मध्ये एकटा राहायचा आणि घरूनच ऑफिसचं काम करायचा. हिर्लेकर ए विंगच्या ३०४ मध्ये. दोघांच्या बाल्कन्या समोरासमोर, त्यामुळे तो काय खातो, कधी उठतो, हे सगळं संध्याबाईंना पाठ होतं.

पुरुषोत्तमरावांनी त्याला उभ्या उभ्या चारही ताव वाचून दाखवले. शंतनुनं मान हलवत सगळं ऐकलं. मग त्याचे डोळे एकदम चमकले.

"काका, एक सांगू का? तुम्ही माझ्या घरात राहा नं! मी तुमच्या घरात राहतो. चाचणी संपेपर्यंत, तीन महिने. मले का फरक पडते?"

पुरुषोत्तमराव दोन मिनिटं त्याच्याकडे बघतच राहिले. केवढं हे मन! विदर्भातली माणसं दिलदार असतात, हे ऐकून होते. पण डासांच्या तोंडी स्वतःला देणारा पोरगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. क्षणभर त्यांना वाटलं, आपण या लेकराला फसवतोय. पण तो क्षण फार लहान होता.

संध्याबाईंनी मात्र ठाम नकार दिला. "मी माझं स्वयंपाकघर सोडून कुठंही जाणार नाही. आणि त्या मुलाच्या घरी एक कढई नाही. मी बघितलंय!"

पुरुषोत्तमरावांनी आधी वाद घातला, मग नियम सांगितले, मग आवाज चढवला. आणि मग एकाएकी खाली बसले. "संध्या," ते म्हणाले, "ते नऊ दिवस मला पुन्हा नकोत. एवढंच."

संध्याबाईंनी माळ्यावरून बॅग काढली.

स्थलांतर रविवारी सकाळी झालं. देवघर, कुकर, मिसळणाचा डबा, गोळ्यांची पेटी, विजेची रॅकेट हे सगळं ए विंगचे तीन जिने उतरून बी विंगचे तीन जिने चढलं. समोरून शंतनु डंबेल्स, दोन कॉम्प्युटर आणि एक लाल-काळी, विमानातल्या पायलटसारखी खुर्ची घेऊन आला. त्याची बारा-पंधरा खोकी मात्र मागच्या बाल्कनीतच राहिली. "त्याले हात नका लावू काकू, तसंच ठेवलं आहे मी," तो म्हणाला. "कंपनीचं सामान आहे."

आता एक अडचण होती. पवित्रा दर पंधरवड्याला बुधवारी अकरा वाजता यायची. तिच्याकडे एक डास ओढून घेणारं यंत्र होतं. व्हॅक्यूम क्लीनरच्या धाकट्या भावासारखं. ते घरभर फिरवायचं, जाळीत सापडलेले डास मोजायचे, ताप आला का विचारायचं आणि टॅबलेटवर लिहायचं. म्हणजे बुधवारी अकरा वाजता हिर्लेकर ए विंगमध्येच हवेत!

उपाय सोपा होता. पवित्रा फाटकात दिसली की पुरुषोत्तमरावांनी बी विंगचा जिना उतरायचा, आवार ओलांडायचं, ए विंगचे तीन मजले चढायचे आणि सोफ्यावर पेपर उघडून बसायचं. शंतनुनं नेमकं उलट करायचं. पहिल्या बुधवारी ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर पुरुषोत्तमरावांना दम लागला आणि पवित्रानंच त्यांना हाताला धरून वर नेलं.

"काका, खाली कशाला गेलतासा?"

"व्यायाम! रोज सकाळी चार फेऱ्या!"

पवित्रा आत आली. तिनं डंबेल्सकडे पाहिलं, मग पुरुषोत्तमरावांच्या दंडाकडे पाहिलं, मग परत डंबेल्सकडे.

"हे वजन कोण उचलतंय, काका?"

"मीच. सांगितलं ना, व्यायाम!"

"आणि ही खुर्ची?"

"कंबरेसाठी!"

"काकू कुठं आहेत?"

"देवळात!"

यंत्र घरभर घुमलं. पवित्रानं जाळी पाहिली आणि लिहिलं: शून्य.

"शून्य?" पुरुषोत्तमराव खवळले. "शून्य कसं असेल? ही विंग कंट्रोलमध्ये आहे! इथं डास असायलाच पाहिजेत! नीट बघा, कपाटामागे बघा!"

"बघितलं की ओ."

"पुन्हा बघा!"

आपल्या घरात डास सापडत नाहीत म्हणून सरकारी माणसासारखं भांडणारा घरमालक पवित्रानं आजवर पाहिला नव्हता. तिनं पुन्हा यंत्र फिरवलं. पुन्हा शून्य! पुरुषोत्तमरावांची खात्रीच पटली, की या लोकांना मोजता येत नाही.

दुसऱ्या बुधवारी तर कहर झाला. शंतनु ऐन मीटिंगमध्ये होता. कॅमेरा बंद करायला वेळ मिळाला नाही, म्हणून उघडा लॅपटॉप छातीशी धरून तसाच पळत सुटला. ऑफिसातल्या अकरा जणांनी पडद्यावर आधी जिना पाहिला, मग आकाश, मग एक नारळाचं झाड आणि मग बनियनवर, हातात कुकरची शिट्टी घेऊन समोरून धावत येणारे पुरुषोत्तमराव! "काका, डावीकडून! डावीकडून!" हे मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकलं. शिट्टी हातात का होती, हे पुरुषोत्तमरावांना अजूनही सांगता येत नाही.

तिकडे बी विंगमध्ये वेगळंच चाललं होतं.

"अहो, इथं मला डास चावतायत," संध्याबाई तिसऱ्या दिवसापासून म्हणत होत्या.

"औषध मारलेल्या घरात? शक्यच नाही!"

"हे बघा कोपरावर. आणि हे घोट्यावर."

पुरुषोत्तमरावांनी भिंग लावून घोटा तपासला. "हे मरायला टेकलेले डास असणार. शेवटचे आचके देतायत! दिवा विझताना मोठा होतो ना, तसं."

"मग हे पंधरा दिवस झाले मोठेच होतायत!"

पुरुषोत्तमरावांनाही चावत होते. पण त्यांनी ते कबूल केलं नाही. वर्तमानपत्राआड गुपचूप खाजवत राहिले. एकदा तर चांगला गुबगुबीत, पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचा डास त्यांच्या मनगटावर बसला, जेवला आणि आरामात उडून गेला. मरायला टेकल्याचं एक लक्षण नाही!

तिसऱ्या बुधवारी सकाळी संध्याबाईंनी अंथरूण सोडलं नाही. अंग तापलेलं, डोळे लाल. पुरुषोत्तमरावांनी कपाळाला हात लावला आणि गोळ्यांच्या पेटीतून थर्मामीटर काढून लावला. एकशे दोन.

"काही नाही हो," संध्याबाई म्हणाल्या, "घसा दुखतोय नुसता."

पण ते ऐकायला पुरुषोत्तमराव तिथं नव्हते. ते जिन्यावरून खाली धावत होते. आवारात पवित्रा नुकतीच फाटकातून आत येत होती, खांद्याला ते यंत्र. पुरुषोत्तमराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळं एका दमात बाहेर पडलं. "पवित्रा, संध्याला ताप आलाय! ती वर आहे, बी-३०४ मध्ये! आम्ही तिथंच राहतो! तो शंतनु आमच्याकडे राहतो! डंबेल्स त्याचे आहेत! आणि मला एवढंच सांगा, औषध मारलेल्या घरात डास चावतो कसा? कसलं हे औषध तुमचं? पाणी मारलंत काय?"

पवित्रा गोंधळून दोन पावलं मागे सरली. मग तिनं टॅबलेट काढला, बोट फिरवलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"बी-३०४? काका, ते घर फवारलेलंच नाही की ओ!"

"काय?"

"अख्ख्या बी विंगमध्ये तेवढंच एक राहिलंय. आमच्या लोकांनी तीनदा बेल मारली, दार उघडलं नाही. मग मी फोन केला, तर ते म्हणाले, भिंतीला कॉम्प्युटर आहेत, नको."

त्याच वेळी ए विंगच्या जिन्यावरून शंतनु धडधडत खाली आला. बुधवार होता ना! दोघांना एकत्र पाहून त्याला ब्रेक लागला.

"शंतन्या!" पुरुषोत्तमराव कडाडले. "तुझ्या घरात औषध मारलेलं नव्हतं?"

"नव्हतं ना, काका."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही म्हणाले, बी विंगले औषध मारलं. मी म्हटलं, हो, मारलं. मारलंच नं विंगले!" शंतनु अंगठ्यानं जमीन उकरू लागला. "खरं सांगू का काका? माझ्या घरी एवढे डास होते, एवढे डास होते बाप्पा, की मले काम करता येत नव्हतं. तुमच्या बाल्कनीत पाहिलं, तर जाळ्या लावलेल्या, काकू रोज बादल्या पालथ्या घालून राहिल्या. मले वाटलं, हे भोळे लोक आपल्याले इतकं भारी घर देऊन राहिले, तर नाही काहून म्हणायचं?"

पुरुषोत्तमरावांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. आपण ज्याला फसवत होतो, त्यानं आपल्याला फसवलं होतं! आणि ज्याला दिलदार म्हटलं, तो मनातल्या मनात आपल्याला भोळे म्हणत होता!

पण भांडायला वेळ नव्हता. पवित्रानं फोन लावला. तासाभरात संस्थेची नर्स येऊन रक्त घेऊन गेली. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मिळणार होता. पवित्रानं तेवढ्यात मागच्या बाल्कनीतली खोकी हलवली, तर त्यामागे एसीच्या नळीखाली एक बादली काठोकाठ भरलेली. आणि तिच्यात अळ्या अशा वळवळत होत्या, जणू शाळेची मधली सुट्टी झालीय. शंतनुनं ती स्वतःच्या हातानं ओतली, घासली आणि उन्हात पालथी घातली. मग कोणी न सांगता शहाळी आणली, संध्याबाईंच्या उशाशी ठेवली आणि जिन्यात पुरुषोत्तमरावांच्या शेजारी येऊन बसला.

"सॉरी काका," तो म्हणाला.

पुरुषोत्तमरावांना पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यांच्या लक्षात आलं, गेल्या वर्षी त्या बाकावर नऊ दिवस त्यांच्या शेजारी कोणीच बसलं नव्हतं. ते नुसते "हं" म्हणाले.

साडेपाचला पवित्राचा फोन आला. डेंग्यू नाही! साधा घशाचा संसर्ग. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तीन दिवस बोलायचं नाही असं बजावलं. पुरुषोत्तमरावांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. एवढा घाण झालेला चष्मा शंतनुनं कधी पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी सगळे आपापल्या घरी परतले. आणि शनिवारी डॉक्टर श्रीवत्स स्वतः आले. पुरुषोत्तमरावांनी खुर्ची पुढे केली, पण डॉक्टर बसले नाहीत.

"हिर्लेकर सर, महिना दीड महिना तुम्ही कोणत्या घरात होतात, ते कोणत्या घरात होते, आमच्या नोंदी कोणाच्या झाल्या, काहीच सांगता येत नाही. मला दोन्ही घरं चाचणीतून वगळावी लागतायत. ए-३०४ आणि बी-३०४."

"वगळावी? म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आता कशातच नाही. ताप आला तर आम्हाला कळवा, ती मदत मिळेल. पण मोजणी बंद."

पुरुषोत्तमरावांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे आता मी कंट्रोलमध्येसुद्धा नाही?"

"नाही."

"हे चालणार नाही! डॉक्टर, कंट्रोलशिवाय तुमची चाचणी म्हणजे काय? तुलना कशाशी करणार? उद्या बी विंगमध्ये ताप कमी झाला, तर तो औषधानं की पावसानं, हे कशावरून सांगणार? न फवारलेली घरं पाहिजेतच पाहिजेत!"

"तेवीस आहेत अजून, सर," डॉक्टर म्हणाले.

आतल्या खोलीतून संध्याबाईंच्या हसण्याचा आवाज आला. त्यांना बोलायची बंदी होती, हसायची नव्हती.

पवित्रानं दाराच्या चौकटीवर लावलेला संस्थेचा नोंदणीचा स्टिकर नखानं खरवडून काढला. त्याजागी एक पांढरा चौकोन राहिला. पुरुषोत्तमराव तो चौकोन येता-जाता बघायचे आणि दर वेळी त्यांचा अपमान नव्यानं व्हायचा. अख्ख्या विंगमध्ये तेवीस घरांचे डास मोजण्याच्या लायकीचे आणि आपले नाहीत?

पुढच्या मोजणीच्या बुधवारी अकरा वाजता ते सवयीनं आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून सोफ्यावर बसले. पवित्राची पावलं जिन्यात वाजली, दाराशी आली आणि पुढे गेली. शेजारच्या ३०३ ची बेल वाजली. यंत्र सुरू झालं. पुरुषोत्तमरावांनी भिंतीला कान लावला.

"काय ऐकताय?" संध्याबाईंनी विचारलं.

"काही नाही. किती सापडले, ते."

मग ते उठले. रॅकेट न घेता, नुसती गोळ्यांची एक रिकामी डबी घेऊन घरभर हिंडले. पडद्यामागे पाहिलं, मोरीत पाहिलं, पलंगाखाली रांगत जाऊन पाहिलं. स्वयंपाकघरात केळ्यांच्या फण्याजवळ शेवटी एक काहीतरी उडताना दिसलं. तीन वेळा हुकलं, चौथ्या वेळी डबीत आलं! झाकण घट्ट लावून ते धावत बाहेर आले. पवित्रा ३०३ मधून निघून जिना उतरायलाच लागली होती.

"पवित्रा! स्वल्प थांबा! हा आमच्याकडचा. जिवंत आहे. तुमच्या यादीत नको, पण निदान बाजूला कुठंतरी..."

पवित्रानं डबी उजेडाकडे धरली, डोळा बारीक करून आत पाहिलं आणि फार हळुवारपणे म्हणाली, "काका, हे चिलट आहे की ओ."

पुरुषोत्तमरावांनी डबी परत घेतली. आत पाहिलं. इकडे-तिकडे पाहिलं. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं.

"असू दे," ते म्हणाले. "तरी लिहून ठेवा."